ठोक्याआधी

१

डेंटलच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी का शिकवतात, याचं धड उत्तर मला कुणी दिलेलं नाही. दातांच्या मागे एक माणूस असतो, हे आम्हाला एकदा तरी दाखवून ठेवावं म्हणून बहुतेक. त्यासाठी आम्हाला आमच्या इमारतीतून उठवून मेडिकलच्या इमारतीत पाठवत. तिथली प्रयोगशाळा लांबलचक होती. लाकडी टेबलं, त्यांवर कोरलेली जुन्या विद्यार्थ्यांची नावं, खिडक्यांना दुधी काचा आणि सगळीकडे स्पिरिटचा वास. मेडिकलची पोरं जिन्यात आमच्याकडे बघून "दातवाले आले" म्हणत. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. खरं तर मी त्यांच्यातलाच व्हायचा. प्रवेशपरीक्षेत जरासा घसरलो आणि थेट लोकांच्या तोंडात पडलो.

शिकवायला उसासे सर होते. हे नाव आम्ही दिलेलं, कारण प्रत्येक वाक्याआधी ते एक उसासा सोडत. मेडिकलच्या हुशार मुलांवरून त्यांना आमच्यावर आणून बसवलं होतं आणि ते दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. "हे तुम्हाला लागणार नाही," असं म्हणून ते सुरुवात करत आणि "हेही लागणार नाही" म्हणून संपवत.

प्रॅक्टिकलला रोगी मिळत नसत, म्हणून आम्ही एकमेकांनाच तपासायचो. हजेरीच्या क्रमाने जोड्या. एकाने टेबलावर बसायचं, दुसऱ्याने तपासायचं, मग अदलाबदल. माझ्या वाट्याला कासव आला.

कासव हे नाव मी ठेवलं आणि ते दिवसाभरात वर्गभर झालं. चालणं, बोलणं, लिहिणं, सगळं एकाच गतीचं. त्याला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं ते विसरावं. पहिल्या सत्रात त्याची आई गेली. फोन आला तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, ताटलीतलं संपवलं, उठून आणखी घेऊन आला, तेही संपवलं आणि मग बॅग उचलून गावी गेला. डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतर वर्गातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मला रागबिग आला नाही. माझं म्हणणं साधं होतं, माणूस मठ्ठ असला की सगळीकडेच मठ्ठ असतो.

त्या दिवशी जॉ जर्क होता. तोंड अर्धवट उघडं ठेवून जबडा सैल सोडायचा, समोरच्याने हनुवटीवर आपलं बोट ठेवायचं आणि बोटावर रबरी हातोडीने हलका ठोका मारायचा. जबडा किंचित वर उडतो. किंवा उडत नाही. दोन्ही नॉर्मल. अशी तपासणी डेंटलवाल्यांसाठीच राखून ठेवलेली असणार.

मी बोट ठेवलं, हातोडी उचलली. कासवाचा जबडा मिटला. मग मी ठोका मारला.

"घाबरतोस काय? लहान मूल आहेस?"

त्याने जरा वेळ घेतला. "नाही घाबरत."

"मग आधीच तोंड का मिटलंस?"

"मी नाही मिटलं."

मी त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला. हातोडी उचलायची आणि मारायची नाही, असं दोनचारदा केलं. जबडा ढिम्म हलला नाही. खरा ठोका मारला की मात्र त्याच्याआधी हलायचा. हा काही आवाज ऐकत असेल, वारा लागत असेल, अशी मी मनाशी कारणं काढली. शेवटी ठरवलं की आता मारायचंच नाही, नुसती हातोडी हवेत धरायची. धरली. त्याचा जबडा वर उडाला. मी हसलो, म्हटलं, सापडला बेटा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं कोपर माझ्या हाताला लागलं आणि हातोडी बोटावर पडली.

तिने सॉरी म्हटलं. मी वहीत नॉर्मल लिहिलं.

२

आमचं घर वर आणि बाबांचा दवाखाना खाली. बाबा दातांचेच डॉक्टर. मेडिकलला माझा नंबर लागला नाही तेव्हा त्यांना वाईट वाटल्यासारखं दाखवता आलं नाही, इतके ते खूश झाले होते. "चला, आता खुर्ची रिकामी राहायची नाही," म्हणाले. ती खुर्ची मला लहानपणापासून नको होती. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून बाबांची पाठ गोल झालेली, सदऱ्याला कायम लवंगेच्या तेलाचा वास. कुणी रस्त्यात भेटलं की नमस्काराच्याही आधी आ करून दाढ दाखवणार, आणि बाबा भर रस्त्यात मान वाकडी करून बघणार. मला त्यांच्यासोबत बाजारात जायची लाज वाटायची.

माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली बरोबर दवाखान्याची मागची खोली येते. तिथे बाबा कवळ्या घासतात. घासायची मोटर पायाने चालते. पेडलवर पाय दाबला की फिरते, उचलला की थांबते. घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब. माझं सगळं शिक्षण या आवाजावर झालं आहे.

"सलग घासायचं नाही कधी," हे बाबांचं ब्रह्मवाक्य. "दात असो की कवळी, तापतं. टेकवायचं, उचलायचं. त्याला दम खाऊ द्यायचा." हे ते मला सांगत, रोग्यांना सांगत, भांडी घासणाऱ्या आईलाही सांगत. आई म्हणायची, "माझ्या कढईला दम लागत नाही."

गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं होतं. इस्पितळात राहून आले, गोळ्या सुरू झाल्या. काम निम्मं करा, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी त्यांना हो म्हटलं आणि आल्यानंतरच्या आठवड्यापासून पुन्हा पूर्ण वेळ बसू लागले. आई पोस्टात नोकरीला. सकाळी निघताना पायात चप्पल घालता घालता ती रोज मला तेच सांगायची, "खाली आवाज चालू आहे ना, त्याकडे कान ठेव. बंद पडला तर बघून ये."

मी मान हलवायचो. मोटर म्हणजे जणू बाबांची नाडीच, असं आईचं चाललेलं. शिकलेल्या बाईनं इतकं भाबडं असू नये, असं मला वाटायचं. पण कान ठेवायचो, हेही खरं.

३

पुढच्या वेळी रक्त होतं. बोटाला सुई टोचायची आणि रक्त थांबायला किती वेळ लागतो ते बघायचं. दात काढणाऱ्याला हे तरी लागतं, हे उसासे सरांनाही कबूल करावं लागलं.

कासवाने बोट पुढे केलं. मी ते स्पिरिटने पुसलं, कोरडं होऊ दिलं आणि सुईचं पाकीट फोडायला घेतलं. पाकीट चिवट होतं, दातांनी फाडावं लागलं. वळून बघतो तर त्याच्या बोटावर थेंब.

लाल, गोल, चांगला टपोरा. सुई अजून माझ्या हातात, टोपणासकट.

"काय केलंस?"

"काही नाही."

मी थेंब कापसाने टिपला. खाली कातडी कोरी होती. मी बोट खिडकीपाशी नेलं, भिंग घेऊन पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. आणि पाहतापाहताच तिथे दुसरा थेंब वर आला, कुठून ते दिसलं नाही, आला एवढंच दिसलं. टिपकागदावर टिपत गेलो. डाग लहान लहान होत गेले आणि पुस्तकात दिलंय तेवढ्याच वेळात रक्त थांबलं.

मग मी सुई टोचली. का टोचली ते विचारू नका. एखादी गोष्ट उलटी घडली की ती पुरी करून टाकावीशी वाटते. सुई आत गेली, बाहेर आली, बारीक भोक पडलं. मी बोट दाबलं, पिळलं. त्यातून काहीही आलं नाही.

"आता नाही येणार," कासव म्हणाला. "येऊन गेलं."

त्याच्या आवाजात नवल नव्हतं. भाजीवाला भाजी संपली म्हणून सांगतो, तसा तो बोलला. त्याच्या त्या थंडपणाची मला इतकी चीड आली की मी तडक सरांना बोलावलं.

सरांनी बोट पाहिलं, टिपकागद पाहिला, उसासा सोडला. "डाग आहेत की. थांबलं ना रक्त?"

"थांबलं सर, पण ते आधी आलं. टोचायच्या आधी."

"आधी काय, नंतर काय," सर म्हणाले. "तुम्हाला दातच उपटायचेत. नॉर्मल लिहा."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी नॉर्मल लिहिलं.

४

अदलाबदल राहिली होती. सर म्हणाले, मागचा जॉ जर्कही दोघांनी करून दाखवल्याशिवाय सही मिळणार नाही. मी टेबलावर बसलो, तोंड सैल सोडलं आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. कासवाने माझ्या हनुवटीवर बोट ठेवलं. सगळी प्रयोगशाळा आपापल्या गोंगाटात होती. कुठेतरी काचेची नळी पडून फुटली.

माझा जबडा वर उडाला. खालचे दात वरच्या दातांवर आपटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून ऐकू आला.

"झालं?" मी विचारलं.

कासव माझ्याकडे बघत होता. त्याचा दुसरा हात रिकामा होता. हातोडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या वहीवर पडलेली.

"मी अजून उचलली नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडावर नवल असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याला माझी कीव आली होती. कासवाला, माझी. त्याने सावकाश जाऊन हातोडी आणली. "आता मारावा लागेल," असं जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाला आणि ठोका मारला. माझा जबडा लोंबतच राहिला.

त्यानंतरच्या गोष्टी मी ओळीने सांगू शकतो, पण त्यांना एकत्र बांधायला माझा तेव्हाही विरोध होता. घरी जेवणाच्या टेबलावर रिकाम्या जागेवरून माझा हात एकदम मागे उडाला. काही नव्हतं तिथे, नुसतं लाकूड. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आईच्या हातून चहाचा कप कलंडला आणि उकळता चहा माझ्या हातावर आला. हात तिथेच राहिला. मला भाजल्याचं कळत होतं, हात उचलला पाहिजे हेही कळत होतं, पण हात आपणहून हलेना. आईनेच मनगट धरून तो नळाखाली नेला.

"अरे, हात काढून घ्यायचा की नाही? झोपलायस का?"

फोड आला. मी मलमपट्टी केली आणि स्वतःची चांगली खरडपट्टी काढली. परीक्षेचा ताण, अपुरी झोप, त्यात एका मठ्ठ पोराच्या नादी लागून डोक्यात घेतलेलं खूळ. योगायोग या शब्दावर माझा कधी विश्वास नव्हता, पण त्या आठवड्यात त्याची मला बरीच मदत झाली.

एक गोष्ट मात्र लक्षात आली आणि ती मी लगेच मनाआड केली. हातोडीच्या वेळी अंतर क्षणाचं होतं. चहाच्या वेळी दिवसाचं.

५

कासव एरवी माझ्यापासून चार हात लांब राहायचा. त्या सकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात तो समोरून आला, माझ्यापाशी थांबला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. त्याचे ओठ बंद होते, मान खाली. असं कुणी कधी उभं राहतं ते कुणालाही कळतं.

"काय झालं?" मी म्हटलं.

त्याने हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग काढून घेतला.

"काही नाही. आपोआप गेला."

"आपोआप म्हणजे? कुणी मेलंय का?"

"नाही," कासव म्हणाला. मग त्याच्या नेहमीच्या गतीने, बराच वेळ घेऊन, "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी त्याला सांगितलं की तुझ्यासारख्या माणसाने दुसऱ्याचं सांत्वन करू नये, आधी स्वतःच्या आईसाठी दोन टिपं गाळावीत. व्हरांड्यातली पोरं थांबून ऐकू लागली. कासवाला वाईट वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

"गाळली होती," तो म्हणाला. "ती घरी बसून भाजी निवडत होती तेव्हा."

मी चालू लागलो. मागून त्याचा आवाज आला, "तुला भूक लागायला लागली की मला सांग."

जगातल्या सगळ्या दुःखावर जेवण हाच याच्याकडे उपाय, असं मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोघेतिघे हसले.

६

दुपार होती. आई पोस्टात. मी टेबलाशी बसून स्वयंचलित मज्जासंस्था वाचत होतो. लाळ कशी सुटते, घाम कसा येतो, अश्रू कुणाच्या हुकमावर येतात. खालून आवाज येत होता. घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब.

पानावर पाण्याचा थेंब पडला.

मी वर पाहिलं. छत कोरडं होतं. दुसरा थेंब पडला तेव्हा कळलं की तो माझाच आहे. मला दुःख झालं नव्हतं, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. मी त्या वेळी वाईटात वाईट विचार करत होतो तो एवढाच, की हा धडा फार लांब आहे. पण डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, आणि मग छातीतून एक आवाज आला. तो मी कधी काढलेला नव्हता. जनावर काढतं तसा. तो दाबायला मी तोंडावर उशी धरली आणि उशीतही तो येत राहिला. शरीर आपलं आपण रडत होतं आणि मी त्याच्या बाजूला बसून ते बघत होतो.

कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. ते मला कळलं आणि तेवढ्यात मीही त्या रडण्यात जाऊन पडलो.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. मागच्या खोलीचं दुधी काचेचं दार उघडलं. बाबा मोटरवर वाकलेले, चष्मा नाकावर, एका हातात गुलाबी कवळी. पांढऱ्या धुळीने भुवया पिकल्यासारख्या. त्यांनी पेडलवरचा पाय उचलला.

"काय रे? डोळ्यांना काय झालं?"

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी चालू होती. नीट, भरलेली, पुस्तकात लिहिलेली असते तशी. मी तरी धरून राहिलो.

"काही नाही," मी म्हटलं. "प्रॅक्टिस करतोय."

बाबा हसले. "मग रडतोस कशाला? लागत नाहीये का नाडी?"

७

त्यानंतर मी कॉलेजला जाणं सोडलं आणि खाली बसू लागलो. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर. बाबांना वाटलं मला शेवटी धंद्यात रस आला. त्यांचा आनंद बघवत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमचे धाकटे डॉक्टर. सध्या नुसते बघताहेत." कुणी आ केलं की मला बोलावून दाखवत, ही कीड बघ, हिरडी बघ, हे मागच्या वेळी कुठल्या गाढवाने भरलंय ते बघ. त्यांचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. घाबरलेल्या माणसाच्या गालावर ते आधी नुसता हात ठेवत, काही न करता. तोंड आपोआप उघडे. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, शिकवायची त्यांची कुवतही नाही.

मी त्यांना बळेच हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, पायऱ्या चढायला लावल्या, म्हणाले सगळं उत्तम आहे. "मुलगा काळजी करतो, नशीबवान आहात," असंही म्हणाले. बाबा रिक्षात सगळा वेळ ते वाक्य चघळत होते.

रडणं यायचं तेव्हा मी वर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचो. दिवसातून कितीदा तरी. आईला वाटलं मुलीची भानगड आहे. ती एकदा दाराबाहेरून म्हणाली, "अरे, एक गेली तर दुसरी येते," आणि मी आत ओठ चावून रडलो. या लोकांना मी जन्मभर किती कमी लेखत आलो होतो, आणि ते मला जरासुद्धा कमी लेखत नव्हते. माझं बाबांवर प्रेम होतं. हे वाक्य मी याआधी उच्चारलं नव्हतं, तेही नळाच्या आवाजात उच्चारलं.

बाबांना मात्र काही झालं नाही. सकाळी ते शिट्टी वाजवत खाली उतरत, संध्याकाळी कंबर धरत वर येत. मी अंतराचा विचार करायचो. क्षण, मग दिवस, मग? वर्षं असतील तर? वर्षं असतील तर मी इथे वर्षं बसेन, असं मी ठरवलं. ठोका पडेल तेव्हा मी हाताच्या अंतरावर असेन. छाती कशी दाबायची ते मला येत होतं. फिजिऑलॉजीत तेवढं एकच कामाचं शिकवलं होतं.

८

त्या दिवशी सकाळी उठलो तर डोळे कोरडे होते.

मी वाट पाहिली. अंघोळ केली, नळाखाली उभा राहिलो. काहीच आलं नाही. बाबा समोर बसून पेपर वाचत होते, मी त्यांच्या गोल पाठीकडे मुद्दाम बघत राहिलो, ते इस्पितळात खाटेवर होते तेव्हाच्या गोष्टी मनात आणल्या. आत एकदम सपाट. मोकळं वाटत होतं. घराला चुना लावल्यावर वाटतं, तसं. मला वाटलं टळलं. मनापासून तसंच वाटलं. आई चप्पल घालताना म्हणाली, "आज चेहरा बरा आहे तुझा. कान ठेव खाली."

"खालीच असतो मी," मी म्हटलं.

अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांची नवी कवळी हिरडीला टोचत होती. बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, कवळी हातात घेतली आणि "दोन मिनिटांत घासून आणतो, आजी" असं म्हणून मागच्या खोलीत गेले. दार लोटलं गेलं. दुधी काचेतून त्यांच्या कोटाचा पांढरा ठिपका दिसत होता. मी स्टुलावर होतो.

घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब.

मला भूक लागली.

साधी भूक नाही. कित्येक दिवस उपाशी असल्यासारखी. पोटात खड्डा पडला, तोंडाला पाणी सुटलं. मला वाटलं, चांगलं लक्षण आहे, इतके दिवस धड जेवलो नव्हतो. आईने काल काय करून ठेवलंय, ते गरम करून घ्यावं का, की तसंच खावं, असा मी अगदी बारकाईने विचार करू लागलो. कुणीतरी भुकेबद्दल मला काहीतरी म्हटलं होतं. कोण ते आठवेना. बिनमहत्त्वाचं कुणीतरी असणार.

आजी बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "आज बराच वेळ चालवलंय डॉक्टरांनी."

"हो," मी म्हटलं.

आवाज चालू होता. घर्रर्रर्र. मी त्यातला 'थांब' ऐकायला थांबलो. आईने सांगितलं होतं, बंद पडला तर बघून ये. बंद कुठे पडला होता? चांगला चालू होता. सलग, एका सुरात, जसा तो माझ्या सगळ्या जन्मात कधी चालला नव्हता. दारातून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला.

मी काचेकडे पाहिलं. पांढरा ठिपका होता. फक्त जिथे असायचा तिथे नव्हता, बराच खाली होता.

"अहो," आजी खुर्चीत अर्ध्या उठून म्हणाल्या, "तुम्ही बघता का जरा?"

मला सगळं समजलं होतं. काय करायचं तेही माहीत होतं, ओळीने, परीक्षेत लिहिता येईल असं. पण चहाच्या कपाखाली हात राहिला होता तसे माझे पाय राहिले. धावायचं जे काही होतं ते माझं केव्हाच, त्या दुपारी जिन्यावरून, धावून झालं होतं. मी उठलो. स्टूल भिंतीला नीट लावून ठेवलं. दारापर्यंतची ती चार पावलं मी कासवाच्या चालीने चाललो, आणि चालताना डोळ्यांत काहीतरी यावं म्हणून फार प्रयत्न केला.

आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत काय होतं ते मी ओळखलं. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मीही तसाच पाहत होतो.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. ती कोमट होती. मला अजूनही भूकच लागली होती.